यादीतली शेवटची ओळ मी घातली

साहेबांनी फाईल माझ्या छातीवर फेकली. नाडी सुटली, कागद फरशीवर पसरले. समोर दोन पाहुणे चहा पीत बसले होते. त्यातल्या एकानं पाय जरा बाजूला घेतले, एवढंच. मी गुडघ्यांवर बसून कागद गोळा केले. एक कागद साहेबांच्या बुटाखाली होता. त्यांनी पाय उचलला नाही. मी वाट बघत तसाच बसून राहिलो.

"उद्या वरून प्रश्न आला तर उत्तर तुझा बाप देणार का?" साहेब म्हणाले. वयानं ते माझ्याहून अकरा वर्षांनी लहान.

वीसेक वर्षं झाली. कोल्हापुरातल्या एका सरकारी कचेरीत मी अव्वल कारकून होतो. परदेशी नागरिकांचं टेबल माझ्याकडं. ती फाईल मोहिनीबाईंची. नवऱ्याबरोबर सिंधमधून जीव वाचवून आलेल्या. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरात साड्यांना फॉल लावून द्यायच्या. त्यांना भारताचं नागरिकत्व हवं होतं. कायद्यानं मागितलेले सगळे कागद त्यांनी दिले होते आणि मी "शिफारस करावी" अशी टिपणी लिहिली होती. त्याबद्दल ही फेकाफेक.

दुसऱ्या दिवशी मी अर्जाला जोडायच्या कागदांची यादी केली. स्वतःच्या हातानं लिहिली. शेवटी माझ्या मनानं एक ओळ घातली : जन्मगावच्या सरकारचा, सहा महिन्यांच्या आतला दाखला. कुठल्याच नियमात हा कागद नव्हता. पण तो कुणाला आणताच येणार नाही. म्हणजे फाईल वर जाणार नाही. म्हणजे प्रश्न येणार नाही. म्हणजे पुन्हा माझ्या अंगावर काही पडणार नाही. एवढंच डोकं चाललं. साहेबांनी खाली "सहमत" लिहून सही केली आणि मला बसवून चहा पाजला.

मोहिनीबाईंनी यादी वाचली. म्हणाल्या, "भाऊ, ज्यांनी हाकलून लावलं त्यांच्याकडनंच चिठ्ठी आणू व्हय मी?"

"नियम हाय बाई," मी म्हणालो.

शेजारच्या जिल्ह्यानं यादीची नक्कल मागवली. मग आणखी एकानं. दोन-तीन वर्षांत वरून छापील परिपत्रक आलं. त्यात माझी ओळ जशीच्या तशी, स्वल्पविरामासकट. लोकांना वाटतं, देशात कुणाला घ्यायचं हे दिल्लीत मोठी माणसं ठरवतात. मंत्री भाषण करून जातात हो. ठरतं ते टेबलावर. घाबरलेला कारकून आणि कातडी वाचवणारा साहेब ठरवतात. त्या परिपत्रकाचा मला अभिमान वाटला होता. हेही लिहून ठेवतो.

मोहिनीबाई व्हिसावरच राहिल्या. जिल्ह्याबाहेर जायचं तर आमची लेखी परवानगी लागायची. नवऱ्याला मिरजेच्या दवाखान्यात हलवलं, तेव्हा त्या माझ्या टेबलापुढं उभ्या होत्या. साहेब दौऱ्यावर. सही नाही. मी म्हणालो, "उद्या या." दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. नवऱ्याला शववाहिकेतून घरी आणलं होतं.

"जावा तुम्ही, मी बघतो" एवढं म्हणायला माझी जीभ झडली असती काय?

गेल्या महिन्यात त्या माझ्या घरी आल्या. राजारामपुरीत, दुसऱ्या मजल्यावर, कठडा धरत धरत. नागरिकत्व अजून नाहीच. आता कोर्टात गेल्यात. माहितीच्या अधिकारात मिळालेली यादीची नक्कल त्यांनी माझ्यापुढं धरली.

"अक्षर तुमचंच न्हवं?"

"व्हय."

"मग कोर्टात सांगा की. सरकार म्हणतंय, ह्यो नियम पयल्यापास्नं हाय."

पाणीसुद्धा न पिता गेल्या.

आणि मी काय केलं? साहेबांना फोन केला. विचारल्याशिवाय सही करायची नाही, ही उभ्या नोकरीची सवय. साहेब आता निवृत्त आहेत, पण सरकारी समित्यांवर बसतात. हसले.

"अरे, तू कोण? कारकून! धोरण आम्ही ठरवतो. तू नुसती यादी उतरवलीस. कशाला मोठेपणा घेतोस? गप पेन्शन खा."

क्षणभर बरं वाटलं. सांगायला लाज वाटते, पण वाटलं. मी कुणीच नाही, म्हणजे मी काहीच केलं नाही. सगळी नोकरी मी ह्याच अपमानाच्या आडोशाला बसून काढली. त्यांनी तुच्छ म्हणायचं आणि मी सुटायचं. मग डोकं फिरलं.

"साहेब, मीच ठरवलं. आणि आजपासून मला अरे म्हणायचं नाही."

"धमकी देतोस?"

"न्हाय. सांगतोय. ती ओळ माझी. खाली सही तुमची."

फोन मी ठेवला. साहेबांच्या आधी, आयुष्यात पहिल्यांदा.

मोहिनीबाई मला माफ करणार नाहीत. करूही नये. मी माफी मागायला निघालेलो नाही. मंगळवारी कोर्टात माझं प्रतिज्ञापत्र दाखल होईल. तो नियम कधीच नव्हता, तो एका भित्र्या माणसानं रचला आणि दुसऱ्यानं पुढं पाठवला, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. पेन्शन अडवायची तर अडवा. गुन्हा घालायचा तर घाला. दोन्ही नावं पूर्ण लिहिलीत, हुद्द्यासकट. पहिलं माझं आहे.