चिमूटभर कमी

त्या इटालियन हॉटेलात टोमॅटोचा सॉस करावा तो धाकटीनेच. मोसमातले टोमॅटो सकाळी आले की ती एकेक दाबून पाही आणि एखादा कच्चट निघाला की भाजीवाल्याची खरडपट्टी काढी. मीठ मात्र ती बावीस वर्षं मुद्दाम चिमूटभर कमी घालत आली होती. कारण मुख्य आचारी तिची थोरली बहीण. ताई जाता-येता पातेल्यात चमचा बुडवणार, नाक मुरडणार, "हात आखडता का घेतेस गं?" म्हणणार आणि वरून एक चिमूट टाकणारच. त्याशिवाय तिला चैन पडायचं नाही.

ताई वारल्यावर महिन्याने धाकटी पुन्हा कामावर आली. दुपारी पास्त्याच्या सोळा ताटल्या बाहेर गेल्यावर तिच्या ध्यानात आलं, की सवयीने आजही मीठ कमीच घातलंय. तशीच ती बाहेर धावली. खिडकीजवळ नेहमीचे मास्तर जेवत होते.

"अळणी लागतंय ना हो?"

"छे! नेहमीसारखंच झालंय."

आत येऊन तिने सॉस चाखला. मीठ बरोब्बर होतं.

"माझ्या पातेल्याला कुणी हात लावला?" ती कडाडली.

"तुमच्या पातेल्याला हात लावायची कुणाची छाती आहे?" भांडी घासणाऱ्या मावशी म्हणाल्या.

धाकटीने वळून ताईच्या चमच्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तिने मोजून चिमूटभर मीठ कमी घातलं, ताईचा चमचा पातेल्याशेजारी ठेवला आणि पाठ फिरवून उभी राहिली.