वेळेवर आलेली पॅसेंजर

माझे मामा झामाजी कटरे तिरोड्याकडे धानाची शेती करायचे. त्यांच्या चार लेकींपैकी थोरल्या तिघींची लग्नं जमली ती थांबलेल्या गाडीत. महायुद्धाच्या दिवसांत मालगाड्यांना आधी वाट मिळायची आणि नागपूरला निघालेली आमची पॅसेंजर एखाद्या लहानशा स्टेशनात बाजूच्या रुळावर तासन्‌तास उभी राहायची. मी संतापून गार्डाशी भांडायला जायचो. मामा मात्र खाली उतरून तीन दगडांची चूल मांडायचे, भात शिजत टाकायचे आणि आमच्या पोवार समाजातली पोरं न्याहाळत बसायचे. गार्डावर ओरडणारा पोरगा बाद. त्यांच्या मापानं मी कधीच बाद झालो होतो. न सांगता सगळ्यांसाठी पाणी भरून आणणाऱ्याला मात्र ते जेवायला बसवायचे आणि तिथंच बापाचं नावगाव विचारायचे.

युद्ध संपलं. धाकट्या लेकीसाठी मामा तांदूळ आणि भात शिजवायचा गंज घेऊन पुन्हा पॅसेंजरमध्ये बसले. गाडी वाटेत कुठंच रखडली नाही. नागपूरला उतरताच मामा थेट स्टेशनमास्तरवर धावून गेले, "गाडी टायमावर काऊन आणली? पोरीचं लगन राहून गेलं ना!"