टाचेखालची भुई

गाडीतून उतरले की अण्णा आधी टाच दाबायचे. उजव्या पायातली चप्पल काढायची, टाच जमिनीत रोवायची, अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकायचा आणि क्षणभर काही ऐकल्यासारखं उभं राहायचं. मग चप्पल घालून पुढचं काम. बेळगावात कॅम्पातल्या आमच्या डॉक्टरांनी नवं घर बांधलं, तेव्हा सत्यनारायणाला गेलेल्या अण्णांनी तिथली फरशीसुद्धा टाच दाबून पाहिली. डॉक्टरांच्या पत्नीला वाटलं, यांचा पाय मुरगळलाय. त्यांनी आतून लेप आणून दिला. अण्णांनी तो मुकाट्याने लावून घेतला.

अण्णा आमच्या फिरत्या दवाखान्याच्या जीपचे ड्रायव्हर होते आणि मी कंपौंडर. डॉक्टर मोठे, म्हणून मी ‘बारकं डाक्टर’. हे नाव अण्णांनी पहिल्याच दिवशी ठेवलं, आणि मला दोन मुलं झाली तरी ते बदललं नाही. बेळगावहून निघायचं, निपाणीकडच्या वाड्यावस्त्या करायच्या आणि संध्याकाळी परतायचं, हे आमचं वर्षानुवर्षांचं काम. सत्तरच्या दशकात त्या भागात डांबर संपलं की तंबाखूच्या शेतांमधल्या गाडीवाटाच असायच्या. पंक्चर ठरलेलंच.

जीपचा जुना जॅक झिजला तेव्हा नवा आणायला आम्ही दोघं खडेबाजारात गेलो. दुकानदाराने नव्या पद्धतीचा, तेलावर चालणारा, बाटलीसारखा जॅक पुढे ठेवला. दोन बोटांनी दांडा हलवला की गाडी वर. मला तो फार आवडला. दुकानदार तो किती वजन उचलतो हे सांगायला लागला, तर अण्णा म्हणाले, “उचलतोय किती ते ऱ्हाऊ द्या. धरून ठेवतोय किती, ते सांगा.”

अण्णांनी मागच्या फळीवरचा जड, रुंद बुडाचा स्क्रूचा जॅक काढायला लावला. त्याचे आटे बोटाने चाचपले, मग तो जमिनीवर ठेवून चारी बाजूंनी ढकलून पाहिला. “तेलाचा डांबरावर लई ब्येस. पर आपल्याला रानात जायचंय. तेल कवा दमंल, त्ये सांगून दमत न्हाय. आटे झिजले तर डोळ्याला तरी दिसत्यात.” तो वजनदार धोंडा खडेबाजारातून मीच उचलून आणला आणि वाटभर चिडचिड केली.

जॅकखाली घालायला त्यांच्याकडे एक जाड फळी होती. ती बाजारातली नव्हती. अण्णा वडगावच्या विणकरांच्या घरातले. घरात पॉवरलूम आला आणि वडिलांचा खड्ड्यातला हातमाग मोडला, तेव्हा त्यांनी त्यातली बसायची फळी तेवढी मागून घेतली. “आमचा बा चाळीस वरसं हिच्यावर बसला. कवा डुगडुगली न्हाय,” असं ते सांगायचे. खंडेनवमीला आम्ही जीपला हार घालायचो, अण्णा मात्र फळीला फूल वाहायचे. जॅकला का नाही, असं मी विचारलं तर म्हणाले, “जॅक इकत मिळतोय की.”

त्यांचे नियम तुम्ही पाहिले असते तर तुम्हालाही वैताग आला असता. चाक बदलताना गाडीत कोणी बसायचं नाही, अगदी डॉक्टरांनीसुद्धा नाही. गाडी सरकू नये म्हणून चाकांना दगडांची ओट लावायची. गाडी वर उचलली की तिच्या पोटाखाली आधी स्टेपनी आडवी सरकवायची, काढलेलं चाक तिच्या शेजारी सरकवायचं आणि मगच स्टेपनी बाहेर ओढून चढवायची. “गाडीच्या पोटात चाक जाईल, माणूस न्हाय.” मी म्हणायचो, एवढ्या वेळात दुसरं गाव झालं असतं. त्यावर ते फक्त पुन्हा एकदा टाच दाबायचे.

आणि एक गोष्ट मला कळायची नाही. “अण्णा, भुई बघितली का?” असं मी चेष्टेने विचारलं, तर हा माणूस कधी ‘व्हय’ म्हणायचा नाही. बघून झालेली असली तरी उत्तर न देता पुन्हा बघायचा.

एकदा दुपारी एका वस्तीवर बाई अडली होती. डॉक्टर पुढच्या गावात शिबिरात अडकले होते. बाईला, तिच्या नवऱ्याला आणि सासूला घेऊन आम्ही निपाणीच्या दवाखान्याकडे निघालो. मैलभर गेलो नाही तोच मागचं चाक बसलं. दोन्हीकडे नुकतंच पाणी पाजलेलं रान. अण्णांनी टाच दाबली, दोनदा दाबली आणि म्हणाले, “बाईला खाली उतरवा.”

नवरा अंगावर धावून आला. “बाई मराय लागलीया आन तुमी उतरवताय व्हय?”

मलाही तेच वाटलं. मी ओरडलो, “अण्णा, वेळ नाही! माझ्या जबाबदारीवर लावा जॅक!”

“तुमच्या जबाबदारीवर गाडी उभी ऱ्हात न्हाय, बारकं डाक्टर,” ते म्हणाले आणि जॅक मांडीवर घेऊन बांधावर बसले. बाई कण्हत होती, सासू शिव्या घालत होती, आणि हा माणूस जागचा हलेना. मला त्या घटकेला त्यांचा खरोखर द्वेष वाटला. शेवटी आम्ही तिला वाकळेवर घेऊन बाभळीखाली ठेवलं.

मग ते झपाट्याने कामाला लागले. फळी, जॅक, पोटाखाली स्टेपनी. चाक निघालं, ते आत गेलं, स्टेपनी बाहेर आली. ती लवकर चढावी म्हणून मी न सांगता खाली वाकलो आणि एक पाय आत घातला. वरून सुकलेली ती जमीन आतून लोणी होती. फळीची एक बाजू खचली, जॅक कलला आणि जीप धाडकन खाली आली.

ती आडव्या ठेवलेल्या चाकावर बसली. माझ्या मांडीत आणि लोखंडात चार बोटांचं अंतर होतं. बाई गाडीत असती आणि वेदनेने वळली असती, तर गाडी त्या चाकावरूनही कलंडली असती. अण्णांनी मला बखोट धरून बाहेर ओढलं. फळी हातभर सरकवली, टाच दाबली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

निपाणीत तासाभराने मुलगी झाली. दोघी सुखरूप. नवरा अण्णांच्या पाया पडायला आला, तर ते दोन पावलं मागे सरले. दवाखान्याच्या पायरीवर आम्ही चहा घेत बसलो. तेव्हा ते एवढंच बोलले.

“माझा थोरला भाऊ असाच गेला. ट्रक हुता. जॅक मी लावलता. त्यो खाली गेला आन तितनं इचारलं, भुई बघितलीस न्हवं? मी म्हणलो, व्हय.” त्यांनी कप खाली ठेवला. “बघितली न्हवती.”

त्यानंतर मी चेष्टा केली नाही.

अण्णा निवृत्त झाले तेव्हा फळी जीपमध्येच ठेवून गेले. घरी न्या म्हटलं तर म्हणाले, “घरची भुई घट्ट हाय.” दोन वर्षांनी, श्रावणात, ते गेल्याचा निरोप आला. मी वडगावला पोहोचलो. खांदेकऱ्यांत पुतण्या होता, त्या थोरल्या भावाचाच मुलगा. त्याच्या मागे मी खांदा दिला. सकाळभर झिमझिम चालू होती. विसाव्याच्या जागी तिरडी खाली ठेवायला सगळे वाकू लागले, आणि मी मोठ्याने म्हणालो, “थांबा.”

खांद्यावर भार तसाच होता. पाय अनवाणीच होते. मी उजवी टाच चिखलात दाबली, ती आत गेली. दोन पावलं पुढे सरकायला लावलं. पुन्हा दाबली. तिथे खाली मुरूम होता.

पुतण्याने मागे वळून विचारलं, “काका, भुई बघितली?”

“व्हय,” मी म्हणालो. “बघितली. ठेवा आता.”