वेबर प्रति वर्ग मीटर

हे मी आईला सांगितलं नाही, नवऱ्याला नाही, स्टाफरूममध्ये तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे — का, ते मलाही नीट कळलेलं नाही.

आधी एवढं ऐका, की मी चांगली शिक्षिका आहे. हे सांगताना मला संकोच वाटत नाही. रायपूरच्या आमच्या शाळेत चुंबकत्वाचा धडा माझ्याकडेच येतो. टेस्ला म्हणजे धानाची रोपं किती दाट लावली आहेत, आणि वेबर म्हणजे सगळ्या शेतात मिळून रोपं किती — असं मी सांगते, आणि मागच्या बाकावरची मुलंही मान डोलावतात. दाटीला क्षेत्रफळाने गुणलं की फ्लक्स. फ्लक्सला क्षेत्रफळाने भागलं की परत दाटी. म्हणजे टेस्ला काय आणि वेबर प्रति वर्ग मीटर काय, एकच.

मला हे कधी समजलं? तिथेच तर अडतं.

माझे वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे अंगमेहनतीच्या कामावरचे मजूर होते. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी. नोकरी लागल्यावर आम्ही रायपूरच्या बूढापारा मोहल्ल्यात राहायला आलो, तेव्हा आई भाजीवालीलाही थांबवून सांगायची, "माही पोट्टी सायन्स शिकवते." लहान गावातल्या शाळेत मी एककांचा तक्ता पाठ केला होता. चुंबकीय क्षेत्र — टेस्ला. चुंबकीय फ्लक्स — वेबर. असंच पाठ करत एम.एस्सी. झाले. त्या तक्त्याने मला इथवर आणलं होतं. मी त्याच्यावर शंका कशी घेणार? तोच तक्ता मी दहावीच्या मुलांकडून घोकून घेतला.

पहिल्याच वर्षी, सहामाहीच्या पेपरात मी चुंबकीय क्षेत्राचं एकक विचारलं. हेमलता नावाच्या मुलीने लिहिलं — वेबर प्रति वर्ग मीटर. मी लाल रेघ मारली. ती पेपर घेऊन टेबलापाशी आली. भावाचं बारावीचं पुस्तक वाचायची ती.

"मैडम, ये भी तो सही है ना?"

"वेबर किसका होता है?"

"फ्लक्स का, मगर —"

"मगर-वगर छोड़ो. तुम आर्ट्स ले लेना बेटा, उधर वेबर नहीं पूछते."

वर्ग हसला. मीही हसले. विनोद माझाच होता ना.

मधल्या सुट्टीत मी बारावीचं पुस्तक उघडलं. एका ओळीत सगळं होतं — एक टेस्ला म्हणजे एक वेबर प्रति वर्ग मीटर. वर्ग शेजारीच होता. जायचं, रेघ खोडायची, वर्गासमोर बोलायचं. मी डबा उघडून जेवत बसले.

संध्याकाळी आई म्हणाली, "काहून गुमसुम बसून राहिली? पोट्टे त्रास देऊन राहिले का?"

"हव," म्हटलं. तेही मुलांवरच ढकललं.

त्यानंतर मी एककं मुळापासून शिकले. धानाचं उदाहरण तेव्हाच सुचलं. आज लोक माझ्या शिकवण्याचं कौतुक करतात, आणि मला ते आवडतं — खोटं कशाला बोलू? पण हेमलताने पुन्हा कधी हात वर केला नाही. अकरावीला तिने आर्ट्स घेतलं.

यंदा ती धाकट्या बहिणीला घेऊन आली. पाया पडली. म्हणाली, "मैडम, इसको आपके ही सेक्शन में डलवा दो. मेरे को तो साइंस आती ही नहीं थी. अच्छा हुआ, आपने टाइम पे बता दिया."

मी तिच्या आवाजात टोमणा शोधला. नव्हता. ती खरंच आभार मानत होती.

व्हरांड्यात आम्ही तिघीच होतो. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी धाकटीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बिठा दो. ये समझ जाएगी."

हेमलताचं उत्तर बरोबर होतं. तिला ते माहीत नाही.