पेशकारकाकांची नात येणार होती

पेशकारकाका गोष्ट सुरू करण्याआधी समोरच्या प्रत्येक मुलाचं वय विचारत. "तू किती? सात? मग मागे बस. आज पाच वर्षांच्यांची गोष्ट आहे." मुलं हसत, पण सात वर्षांचा खरोखर मागे सरकत असे.

मुलांनो, इंदूरला रामबागेत त्यांच्या आणि आमच्या घराची भिंत एकच होती. होळकरांच्या कचेरीत ते पेशकार होते, म्हणजे साहेबांपुढे फिर्यादींचे कागद मोठ्यानं वाचायचे. संस्थान गेलं, मध्यभारत राज्य आलं, कचेऱ्या इकडच्या तिकडे झाल्या आणि काका घरी बसले. त्याच वर्षी त्यांची बायको, माई, वारली. एकुलता मुलगा कलकत्त्याला. त्याची मुलगी शैला चार वर्षांची झाली तरी काकांनी तिला पाहिलं नव्हतं. दिवाळीला येतो असं मुलानं कळवलं, तेव्हा काका माझ्याकडे आले. मी शेजारघरची सून, मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत असे, म्हणून मला मुलांतलं सगळं कळतं असा त्यांचा समज.

"सूनबाई, पोरीशी मी बोलू काय? मला तर फक्त वाचता येतं. एखादी गोष्ट तरी बसवून घ्या माझ्याकडून."

सराव त्यांच्या ओट्यावर, गल्लीतल्या मुलांपुढे. गोष्ट एका राजाच्या हत्तीची. "सदर राजा, राहणार उज्जैन, वय अंदाजे चाळीस, यास दोन राण्या असून..." इथवर मुलं कशीबशी बसली. मग राज्याच्या चतुःसीमा सुरू झाल्या. पूर्वेस नदी, पश्चिमेस टेकडी. एक चिमुरडी उठून म्हणाली, "काका, हत्ती येईल तोवर मी घरी होऊन येते." ती परत आली नाही. तिच्यामागून बाकीचेही गेले. काका रिकाम्या ओट्याकडे बघत राहिले.

मी म्हटलं, चतुःसीमा गाळा आणि हत्तीला आधी आणा. दुसऱ्या दिवशी हत्ती पहिल्याच वाक्यात आला. हळूहळू त्यांना कळत गेलं की लहानांना तीच ओळ पुन्हा पुन्हा हवी असते, आणि मध्येच थांबलं तर अर्धी गोष्ट मुलंच सांगतात. "यांना निकाल आधीच ठाऊक असतो," ते मला नवलानं म्हणाले, "तरी सुनावणीला हजर."

दिवाळीला मुलाला रजा मिळाली नाही. पुढच्या उन्हाळ्यात शैलाला गोवर निघाला. नंतर आणखी काही. काकांनी कधी कुरकुर केली नाही. शैला वाढली तशी त्यांनी गोष्ट वाढवली. ती आठ वर्षांची झाली, तेव्हा ओट्यावर आठ-नऊ वर्षांची पोरं पुढे आली. त्यांना हत्ती नको होता, चोर हवा होता, आणि त्यानं कुलूप कसं उघडलं तेही. इथे मात्र कचेरी कामी आली. "मुलजिम हजर?" असं आरोपीला पुकारलं की सगळे हात वर. एखादा पोरगा अडवायचा, "काका, झूठ. अंधारात त्याला तिजोरी दिसली कशी?" काका खूश. "वा भिया, घ्या उलटतपासणी." त्यांचा आवाज गल्लीच्या टोकाला ऐकू जाई. मग पोरं घरी जात, आणि भिंतीपलीकडून फक्त स्टोव्हचा आवाज येई. तोही लवकर थांबे. एका माणसाच्या स्वयंपाकाला वेळ तो किती लागणार?

शैला आली ती बारा वर्षांची होऊन. दोन लांब वेण्या, शांत, मराठी जपून बोलणारी. दुपारी काकांनी ओट्यावर चटई टाकली आणि मलाही बोलावलं. तिच्यासाठी एका राजकन्येच्या निवाड्याची गोष्ट तयार होती. माझ्या शाळेतल्या मुलींनी ती श्वास रोखून ऐकली होती. काकांनी घसा साफ केला.

शैला म्हणाली, "आजोबा, आजी कशी होती? बाबा काही सांगत नाहीत."

काका चटईची काडी उसवू लागले. मग माझ्याकडे वळले. "सूनबाई, तुम्ही सांगा. तुमचं जाणं-येणं होतं तिच्याकडे. मी यायचो, जेवायचो, पडायचो. दिवसभर वाचून गळा दमलेला असायचा."

मी सांगू लागले. माई पोह्यांत बडीशेप सढळ हातानं घालत. हसू आलं की तोंडाला पदर लावत. रविवारी काका सोमवारचे कागद मोठ्यानं वाचून बघत, तेव्हा माई तवा उतरवून दाराआड उभ्या राहत. "कोणाच्या जमिनीचं भांडण आहे ते मला समजत नाही गं," त्या मला म्हणाल्या होत्या, "पण आवाज ऐकत राहावंसं वाटतं."

"मला कधी बोलली नाही," काका म्हणाले.

"तुम्ही विचारलं होतं?" शैलानं अगदी सहज विचारलं.

काकांनी नाही म्हणून मान हलवली.

सुट्टी संपली, शैला गेली. ओट्यावर मुलं पुन्हा जमू लागली आणि काका त्यांना हत्ती देत, चोर देत. पण मुलं पांगली की आता ते आमच्या दारात येऊन बसत. "सूनबाई, आणखी काही आठवतं का?" माझी माईंशी ओळख थोड्याच वर्षांची. जे होतं ते थंडी पडेपर्यंत सांगून संपलं. तरी काका येत राहिले. मग मी तेच पुन्हा सांगायची, तवा, दार, रविवार, आणि ते गुडघ्यांवर हात ठेवून विचारायचे, "मग?"