यारीवरचा क्लब

तलवाड्यात फुकट्यांचा विमान क्लब निघालाय, असं लोक हसून सांगतात. सांगू द्या. म्या जीवन, शेरडं राखतो, आन त्या क्लबाचा मेंबर हाय. विमान न्हाई आमच्याकडं. कापडी पंखाचा एक जुना पॅराग्लायडर हाय, आन त्याला दोरानं ओढून वर न्यायला यारी. विहीर खंदताना माणसं आन माती खालीवर करायचं इंजन असतं ना, तीच.

हे डोकं आम्रपालीचं. एसटीत कंडक्टर हाय ती, बाप विहिरी खंदायचा. उडायला पुण्याकडं शिकून आली. तिथल्या क्लबाची फी ऐकून आमच्यासारख्यानं दारातूनच माघारी फिरावं. म्हणून हितं नियमच येगळा: जो राबंल त्याचा नंबर लागंल. गायरानातले दगड येचून म्यासुदिक उडालो. यारी जालिंदरकाकांची, तिच्या बापाच्या जोडीदाराची. ते मातर आपला नंबर कधी घेत नसत.

घात केला सवयीनं. विहिरीत कुणी वरडलं की यारीवाला दोर जोरात ओढतो, माणूस वाचवायला. त्या दिवशी वरून आम्रपाली वरडली, दोर सोडा म्हणून. इंजनाच्या आवाजात काकांना वरडणं तेवढं कळलं. त्यांनी जीव खाऊन ओढलं. पंख कलला आन पोरगी तुरीत आदळली. हात मोडला.

ग्रामसभेत सरपंच बंकटरावांना आयतंच घावलं. "बंद करा हे. विहिरी खंदणाऱ्यांनी खाली बघावं, वर कशाला जायचं?"

माझं डोकं फिरलं, पण माझ्या आधी तीच उठली, प्लास्टरासकट. "माझा बाप जन्मभर ह्या दोरानं खाली गेला, तवा तुमी काय बोलले न्हाई. म्या ह्याच दोरानं वर जाणार. गायरान गावाचं हाय, आन आमीबी गावातच ऱ्हातो."

क्लब बंद करायचं बारगळलं. काका मातर यारीला हात लावंनात. "माझ्या हातानं पडलीस बाई."

"दुसरा यारीवाला म्या आणणार न्हाई, काका. तुमी न्हाई बसले तर क्लब मेला, आन बंकटराव खरे ठरले."

मग तिनं सवयच मोडायला घेतली. काका दिसले की मागून वरडायची आन त्यांनी हातातलं सोडायचं. चहाचे कप फुटले, काकू लई कावली.

प्लास्टर निघालं तसं ती पुन्हा दोराला लागली. अर्धं गाव तिला पडताना बघायला आलतं. ती वर गेली आन वरडली. काकांचा हात यारीच्या दांड्यावर आवळला. आन हात सुटला. दोर ढिला पडला, तिनं कडी सोडली; दोर सळसळत खाली आला, ती तशीच पुढं तरंगत गेली.

काका बराच येळ वर बघत बसले. मग बंकटरावांना आयकू जाईल असं म्हणले, "जीवन, यारी शिकून घे बे. पुढचा नंबर माझा हाय."