चौथी आणि पाचवी बरणी

कॉलेजात त्याला सगळे बरणीमामा म्हणत. खरं नाव हजेरीपटात होतं, पण ते घ्यायची वेळ क्वचितच यायची. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतला हा शिपाई सव्वीस वर्षं बरण्या सांभाळत आला होता. फॉर्मालिन कमी झालं की भरायचं, झाकणाच्या कडेचं मेण तपासायचं, पुसट झालेलं लेबल काढून नवं लिहायचं. अक्षर असं की मोत्याचे दाणे. पोरी म्हणायच्या, "मामा, आमच्या वह्या तुम्हीच लिहून द्या ना." मामा म्हणायचा, "लिहीन गं, पण मग पास मीच व्हायचो."

खिडकीसमोरच्या फळीवर पाच एकसारख्या बरण्या होत्या. मासा, बेडूक, कोंबडी, डुक्कर आणि माणूस, अशी रांग. प्रत्येकीत त्या त्या प्राण्याचा अगदी सुरुवातीचा गर्भ, वाटाण्याएवढा, पाठीत वाकलेला. सर दरवर्षी लेबलं झाकून विचारायचे, "ओळखा, तुमचा नातेवाईक कोणता?" पोरं हमखास चुकायची. मग सर खूश होऊन सांगायचे, की सगळं जीवन एकाच मुळातून आलंय, आणि त्याचा पुरावा या फळीवर बसलाय.

पाचव्या बरणीतला पुरावा मामाचं मूल होतं. हे सरांना ठाऊक नव्हतं आणि मामाच्या बायकोलाही.

एकोणीस वर्षांपूर्वी, तिसऱ्यांदा, तिचा दुसरा महिना पुरता भरायच्या आत सगळं संपलं. मामाने ते कापसात गुंडाळून औषधाच्या बाटलीत घेतलं आणि प्रार्थनाघराच्या पायऱ्या चढला. धर्मगुरू तेव्हा तरुण होते, नियमांचे पक्के. म्हणाले, "ज्याने श्वास घेतला नाही त्याला नाव नाही, आणि नाव नाही त्याला प्रार्थना नाही. तुम्हीच काय ते उरकून टाका." दवाखान्यातल्या डॉक्टरने तर नुसतं कोपऱ्यातल्या बादलीकडे बोट दाखवलं. मामा बाटली खिशात घालून गावभर फिरला. टाकवेना, पुरवेना. एखादी गोष्ट नासू न देता कशी ठेवायची, एवढं एकच काम त्याला चांगलं येत होतं. तेच त्याने केलं, प्रयोगशाळेतल्या एका रिकाम्या बरणीत.

घरी येऊन बायकोला सांगितलं, "एका झाडाखाली ठेवून आलोय. जागा चांगली आहे." ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. कोणतं झाड, हे तिने कधीच विचारलं नाही. पुन्हा दिवस राहिले नाहीत. ती न चुकता प्रार्थनेला जात राहिली आणि त्या बाळासाठी मात्र एकदाही रडली नाही. त्या घरात दोघं एकमेकांशी भाजी, पाणी आणि विजेचं बिल एवढंच बोलू लागली.

आठवड्याने सरांना कपाटात ती बरणी दिसली. "मामा, हे कुठून आणलंत?" "दवाखान्यातून." सरांनी पुढे काही विचारलं नाही. आनंदाने त्यांना सुचेनासं झालं होतं, कारण त्यांच्या रांगेत नेमकी पाचवी जागा रिकामी होती. मामानेही अडवलं नाही. निदान कुठेतरी, चारचौघांबरोबर, ते बसलं. रोज सकाळी दार उघडलं की तो पाचव्या झाकणावर बोट टेकवून म्हणायचा, "आहेस ना रे?" मुलगा की मुलगी हे कळायची सोयच नव्हती, पण "रे" आपसूक यायचं.

चूक झाली ती सहा वर्षांपूर्वी. दुसऱ्या दिवशी तपासणी होती, भिंतींना नुकताच रंग दिलेला, आणि सर डोक्यावर बसलेले. मामाची पद्धत अशी, की एका वेळी एकच बरणी घ्यायची. जुनं लेबल काढून, बरणी पुसून, नवं लेबल लावलं की मगच दुसरीला हात लावायचा. त्या दिवशी मात्र सर म्हणाले, "एकेक करत बसलात तर उद्याची सकाळ होईल, सगळ्या एकदम भिजवा." त्याने पाचही बरण्या घमेल्यात ठेवल्या. लेबलं सुटून तळाशी गेली. मासा, बेडूक, कोंबडी त्याने चटकन ओळखले. उरल्या दोन. एक उचलली, दुसरी उचलली, पुन्हा पहिली उचलली. तेरा वर्षं रोज ज्याला हाक मारली, ते कोणतं हे त्याला सांगता येईना. बाहेरून सर ओरडले, "मामा, झालं का?" त्याने डोळे मिटून एकीवर "माणूस" चिकटवलं.

त्या दिवसापासून तो चौथ्या आणि पाचव्या, दोन्ही झाकणांवर बोट टेकवू लागला. मनाची समजूत अशी, की दोघांपैकी एकाला तरी हाक पोचत असेल. माणसाने अशी समजूत किती दिवस पुरवावी? मामाने सहा वर्षं पुरवली.

मग कॉलेजने वाद ठेवला. विषय, जीवन आलं कुठून. एका बाजूला सर, निवृत्तीला वर्ष उरलेलं. दुसऱ्या बाजूला तेच धर्मगुरू, आता दाढी पांढरी झालेली. सभागृह खच्चून भरलं होतं, आणि बायकांच्या रांगेत मामाची बायकोही होती. सर हटले नाहीत, धर्मगुरू डगमगले नाहीत. दोन हुशार माणसं दोन तास आपलंच खरं करत राहिली. शेवटी सरांनी खूण केली आणि मामा तबकात दोन बरण्या घेऊन मंचावर गेला. लेबलांवर कागद लावलेला.

"माणूस वेगळा घडवलाय म्हणता ना?" सर म्हणाले. "मग सांगा, यातला माणूस कोणता?"

धर्मगुरू वाकले. बराच वेळ पाहून त्यांनी एकीवर बोट ठेवलं. सरांनी कागद काढला. डुक्कर. सभागृह हसून कोसळलं. हसलं नाही एकटा मामा. त्याच्या मनात आलं, यांचं बरोबर तर नसेल?

धर्मगुरू हशा ओसरेपर्यंत थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, "मी चुकलो. पण कुणाचं तरी लेकरू तुम्ही डुकराशेजारी मांडून ठेवलंत आणि त्यावर हशा मिळवलात. कुणाचं आहे ते?"

सर गडबडले. "दवाखान्यातून आलंय. तशी नोंद आहे."

"त्याला आई असेल ना?"

मामा तबक धरून तिथेच उभा होता. याच माणसाने याच लेकराला पायरीवरून परत पाठवलं होतं. ओरडून सांगावं असं त्याला वाटलं. पण तिसऱ्या रांगेत बायको पदराने डोळे टिपत होती, आणि तिला हे असं, भर सभेत कळू द्यायचं? तो तबक घेऊन मंचावरून उतरला.

दोन दिवसांत प्राचार्यांचा हुकूम निघाला. मानवी गर्भ प्रार्थनाघराच्या ताब्यात द्यायचा, शुक्रवारी सकाळी रीतसर पुरायचा. धर्मगुरूंनी जाहीर केलं, की त्याला नाव देतील, प्रार्थनाही म्हणतील. एकोणीस वर्षांत त्यांचा देव बराच मऊ झाला होता.

मामाला वाटलं, आता बायकोला सांगावं. हे तुझं आहे, चल, नाव तू ठेव. पण त्याआधी खात्री हवी होती. तो सरांच्या खोलीत गेला.

"सर, चौथ्यातलं आणि पाचव्यातलं... लेबलं कधी अदलाबदल झाली असतील, तर सांगता येईल?"

सरांनी मान वर केली. "झालीत का?"

"तसं नाही. आपलं विचारलं."

सरांनी दोन्ही बरण्या उजेडात धरल्या, भिंग लावून पाहिलं. "ताजं असतं तर बघताक्षणी सांगितलं असतं. इतक्या वर्षांत पार विरून आकसलंय. आता नुसत्या नजरेने शपथेवर नाही सांगणार. काप घ्यावे लागतील, सूक्ष्मदर्शकाखाली. घेऊ?"

"नको सर. कापू नका."

"मग पाचवी द्या त्यांना आणि मोकळे व्हा. त्यांना तरी कुठे कळणारे?" सर कडवट हसले. "नाहीतरी माझी रांग मोडलीच."

गुरुवारची सगळी दुपार मामा दोन बरण्या समोर घेऊन बसला. बापाला आपलं मूल ओळखता येऊ नये, यापरतं करंटेपण नाही. एक खूण, एक वळण, काहीतरी आपलं दिसेल म्हणून त्याने डोळे फोडले. दोघंही सारखीच वाकून, सारखीच निजलेली. सर म्हणायचे तेच खरं होतं, आणि ते इतकं खरं असावं असं त्याला कधीच वाटलं नव्हतं. संध्याकाळी त्याने पाचवी बरणी कापडात गुंडाळली. बायकोला काही सांगितलं नाही. काय सांगणार होता? हे आपलं आहे, बहुतेक?

शुक्रवारी शे-सव्वाशे माणसं जमली. पांढरी पेटी हातभरसुद्धा नव्हती. नाव दिलं गेलं, प्रार्थना झाली, आणि खड्ड्यावर पहिली माती पडताच मामाची बायको खाली बसली. पोटातून आवाज काढून, लाज सोडून ती रडली. बायकांनी तिला धरलं. मामा चार पावलांवर उभा होता, पण त्याला पुढे होववेना.

घरी आल्यावर तिने तोंड धुतलं आणि किती वर्षांनी त्याच्यासमोर येऊन बसली.

"कुणाचं होतं देव जाणे. मी आपलंच समजून रडले. चालेल ना?"

"चालेल."

"तुम्ही सांभाळलंत हो त्याला इतकी वर्षं. त्याच्या आईला कळलं ना, तर पाया पडेल तुमच्या." मग म्हणाली, "आता मला झोप लागेल असं वाटतंय." आणि खरंच, भर दुपारी ती गाढ झोपली. मामा तिच्या चेहऱ्याकडे बघत बसला. ही झोप मोडायचा हक्क त्याला उरला नव्हता, आणि ते ओझं वाटून घ्यायला या जगात आता कुणीही नव्हतं.

सोमवारी त्याने प्रयोगशाळा उघडली. फळीवर चारच बरण्या होत्या. सर आत येता येता म्हणाले, "मामा, चौथीचं लेबल वादात फाटलंय. नवं लावा."

मामाने कोरा कागद कापला, पेन झटकलं आणि आपल्या त्या सुंदर अक्षरात लिहिलं, "डुक्कर". शाई वाळू दिली. चिकटवलं. मग झाकणावर बोट टेकवलं, पण विचारायचं ते त्याला विचारता आलं नाही.